अकरा पौंड चाळीस

स्ट्रॉमनेसला डिसेंबरात सव्वातीनला सूर्य मावळतो
आणि माझी दुसरी पाळी साडेतीनला सुरू होते.
गाडी तेरा वर्षांची. डिकीत एकच दिवा,
करंगळीच्या पेराएवढा, तोही डाव्या कोपऱ्यात.
त्याच्यापुढे हातमोज्यांचं खोकं ठेवलं
की संपलं.
मग दातांत टॉर्च धरून मी शोधायचे
मोठ्या मापाचे डायपर, मलम, धुतलेली चादर,
आणि घरोघरी "गुड ईव्हनिंग" म्हणताना
तोंडात रबराची चव असायची.

म्हाताऱ्या इझबिस्टरांच्या कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या
नोव्हेंबरात याच अंधाराने गिळल्या.
तीन दिवस ते नुसते माझ्या ओठांकडे पाहत होते.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, जरा जोरातच,
"आज तू काही बोललीच नाहीस."
मी तासभर बोलत होते.

गॅरेजवाल्याने दर सांगितला. मी आभार मानले.
तेवढ्यात एर्लेंडचे बूट येतात.

एलईडीची पट्टी पावणेपाच पौंडांची,
बाकी वायर, फ्यूज, दोन्हीकडून चिकटणारी टेप:
अकरा पौंड चाळीस, पावती अजून आरशामागे आहे.
रविवारी वारा जरा दमला तेव्हा
मी डिकीचं अस्तर उचकटलं. प्लास्टिकच्या सहा खुंट्या,
त्यातल्या दोन तुटल्या.
पत्रा पुसायला ड्युटीच्या बॅगेतले स्पिरिटचे बोळे
(ते मी हिशेबात धरलेले नाहीत).
जोडलं. लागेना.
जुन्या बल्बला कुठूनही वीज आली तरी चालायची,
माणसांतही असतात असे;
या पट्टीला मात्र आधी कोण, मागून कोण, ते लागतं.
तारा उलटवल्या
आणि डिकी ऑपरेशनच्या खोलीसारखी पांढरी झाली.

केवढी घाण होती.
वाळू, कुणाची तरी कंगव्याची दाढ,
गंजाचा एक ठिपका, ज्याची ओळख
मी वसंतापर्यंत टाळणार होते,
आणि स्टेपनीच्या खाचेत, उभं,
बॅटऱ्यांचं पाकीट.

मग एर्लेंडने विचारलं, चौदा वर्षांच्या माणसाने विचारावं तसं:
"पण झाकण लावल्यावर विझतो कशावरून?"
रात्रभर जळला तर सकाळी बॅटरी खलास,
आणि सहाला मिसेस फ्लेट वाट बघते.
तो म्हणाला, फोन आत ठेव, व्हिडिओ चालू करून.
माझ्या फोनमध्ये जागा नव्हती.
मी पाच फुटांची. आत गेले.

गुडघे हनुवटीशी. झाकण पडलं.

विझला.

म्हणजे सगळं बरोबर होतं, मी ओरडायला हवं होतं.
बाहेर वारा, बंदरातल्या दोरांची कुरकुर,
पत्र्यावर एर्लेंडची बोटं: "विझला का? आई?"
आणि मला आठवली ती रोजची माझी रात्र,
नऊ वाजता उशी सारखी करून,
कानाचं मशीन काढून बशीत ठेवून,
"झोपा हं" म्हणत (ऐकायला कोण?)
मी बटण दाबते, दार ओढून घेते.
अकरा घरं. चार वर्षं.
दाराच्या पलीकडे, माझ्या मागे,
हे असं असतं.

"आई!"
"विझतो," मी म्हटलं. "उघड."

दुसऱ्या दिवशी इझबिस्टरांना बॅटऱ्या दिल्या.
रात्री मशीन काढायच्या आधीच विचारलं,
दिवा राहू देऊ का, छोटा, कोपऱ्यातला?
ते माझ्याकडे पाहत राहिले,
ओठांकडे नाही, डोळ्यांकडे,
आणि म्हणाले,
"वीज काय फुकट येते?"

मी बटणावर हात ठेवून
जरा वेळ तिथेच उभी राहिले.